गावकुसापासून गिरणगावापर्यंत

मंगळवेढ्याला गावकूस बांधण्याचे काम चालले असता ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. शके 1260 चा तो प्रसंग. नामदेवराय तेथे गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, त्या पंढरीस आणून महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. कथा सांगताना कीर्तनकार अस्थींपाशी थांबतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र अलीकडे त्या भिंतीपाशी थांबावेसे वाटते. ज्याला कुसाच्या आत जागा नव्हती, तोच ते कूस बांधत होता.

ही भिंत मला आठवली ती लालबागला. माझे चुलते साताऱ्याकडून येऊन इथल्या एका गिरणीत लागले होते. त्यांच्या चाळीच्या जागी आता काय आहे ते पाहायला गेलो होतो. मान वर करून मजले मोजायला लागलो आणि मध्येच मोजणी सोडून दिली.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये सूतगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळा, परळ, लालबाग, वरळी या भागांत धुराडी उभी राहिली आणि त्या साऱ्या मुलखाला लोक गिरणगाव म्हणू लागले. शहराच्या पोटातले हे गाव. 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांमागे चौऱ्याऐंशी माणसे बाहेर जन्मलेली होती. कोकणातून बोटीने आलेली, घाटावरून रेल्वेने आलेली. घाटावरच्या मंडळींच्या ट्रंकेत धोतराच्या घडीखाली हरिपाठाची पोथी असे.

ती राहात कशी? 1896 च्या प्लेगने दाटीवाटीच्या वस्त्यांत हाहाकार केला, तेव्हा 1898 मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. नंतर 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी झाल्या. एकूण 207 इमारती, एकेका इमारतीत 80 खोल्या आणि खोली 160 चौरस फुटांची. खासगी चाळींतली गत याहून वाईट. एका गावचे पंधरा-वीस गडी मिळून एक खोली घेत. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला पडे. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना पिशव्या, आणि वर एक पांडुरंगाची तसबीर. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणारी बाई बहुधा कुणा कामगाराचीच घरधनीण असे आणि पगारापर्यंत उधारीवर पन्नास तोंडे भरवी. गिरणगावचा इतिहास संपांच्या तारखांनी सांगतात. या बायांची नोंद कुणी ठेवली नाही.

भजनाची वेळ भोंग्यावर ठरे. पाळी सुटली की पखवाज गॅलरीत येई. चाळीची गॅलरी म्हणजे आपले पारच म्हणा. स्वयंपाक करणारी बाई मोरीजवळून टाळ ऐके आणि पोर पायऱ्यांवर बसून चाल शिके. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 1890 मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, म्हणून पारायणाचा समारोप आणि काला रविवारी धरू लागले. आषाढीला पंढरीस जाणे मात्र अवघड. गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगार उभे असत; तुम्ही गैरहजर राहिलात की तुमच्या साच्यावर दुसरा. मग एकादशीला वडाळ्याच्या विठोबाला जायचे. तिथे आषाढीची मोठी यात्रा भरते, लोक त्याला प्रतिपंढरपूरच म्हणतात. चुलते पंढरीची वारी हुकल्याची खंत कधी बोलून दाखवत नसत. त्या दिवशी ते वडाळ्यापर्यंत अनवाणी जात, एवढेच.

इथवर सांगितले की ऐकणाऱ्याचे डोळे ओलावतात, आणि इथेच सावध व्हावे लागते. साचेखात्यात पगार अधिक होता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घेत नसत. मालकांनी नव्हे, बरोबरीच्या कामगारांनीच ही आडकाठी धरून ठेवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः परळच्या ट्रस्टच्या चाळीत कितीतरी वर्षे राहिले. त्यांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. माउली, त्या साचेवाल्यांत माळकरी नसतील काय? संध्याकाळी चोखोबांचे अभंग म्हणणारे नसतील काय? मी चुलत्यांना हे कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे पुन्हा आत गेलेच नाहीत. भोंगा बंद झाला. गिरण्यांखाली सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. कायद्याच्या पुस्तकातली ही दुरुस्ती मूठभर शब्दांची, पण तिने साऱ्या गिरणगावचा नकाशा पालटला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला.

माणसे कल्याण, बदलापूर, विरारकडे सरकली. मग भजन कुठे गेले? ते लोकलच्या डब्यात गेले. सकाळच्या ठराविक गाडीच्या ठराविक डब्यात मंडळी जमतात, एकाच्या पिशवीत टाळ असतात, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतात आणि ठाणे येईतो रूपाचा अभंग होऊन जातो. शेजार हरवलेल्या माणसांनी तास-दीड तासाचा शेजार उभा केला. काही प्रवाशांना त्याचा त्रास होतो, हेही खरे. गॅलरीतल्या पखवाजाचा त्रास रातपाळी करून झोपलेल्यालाही होतच असेल.

2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या उंच इमारतींतल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना हे घर मिळाले याचा आनंदच मानला पाहिजे. चाळीतले रम्य दिवस आठवणाऱ्यांपैकी कितीजण त्या सामायिक संडासाच्या रांगेत पुन्हा उभे राहायला तयार होतील?

लालबागच्या त्या इमारतीत चुलत्यांच्या शेजाऱ्याचा मुलगा भेटला. आता तोही सत्तरीचा. बावीसाव्या मजल्यावर राहतो, घर छान आहे. चहा झाल्यावर त्याने कपाटाच्या वरून टाळ काढून दाखवले. सप्ताहासाठी सोसायटीकडे हॉल मागितला आहे, म्हणाला, पण तिथे पखवाज चालणार नाही असे सांगतात. मी विचारले, मग काय करणार? त्याने टाळांची दोरी घट्ट केली आणि म्हणाला, ‘‘खाली गाड्या लावतात ना, तिथे बसू. वॉचमन आपल्या भागातलाच आहे, माळकरी आहे.’’