परदेशातून आणलेली मोठी फिल्म गावातच धुवायची की परत न्यायची?

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खूप खाली गेलं, की इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचं पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर येतं. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. मंदिर पूर्ण उघडं पडायला साठा बराच घटावा लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्याच्याही खाली गेला होता. दरवर्षी तसं होत नाही.

आता समजा, जर्मनीत राहणारा कुणी मे महिन्यात गावी आलाय. सोबत घडीचा मोठा कॅमेरा आहे. त्याने मंदिराचे सहा फोटो काढले. आता फिल्म इथेच धुवायची की तशीच विमानातून परत न्यायची?

लार्ज फॉरमॅट म्हणजे काय?

यात रोल नसतो, एकेक सुटी फिल्म असते. सर्वात चालणारा आकार ४×५ इंच. साध्या ३५ मिमी फ्रेमपेक्षा तिचं क्षेत्रफळ सुमारे १५ पट मोठं असतं, म्हणून दगडावरची बारीक नक्षीही स्पष्ट उतरते. मात्र एकेक फोटो महाग पडतो आणि हाताशी फोटो मोजकेच असतात.

तशीच परत नेली तर?

धोका विमानतळावरच्या स्कॅनरचा. चेक-इन सामानाचे स्कॅनर तीव्र असतात, त्यामुळे न धुतलेली फिल्म त्या बॅगेत कधीच ठेवू नये. केबिन बॅगेसाठी आता अनेक विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत. त्यातून एकदा गेलेली फिल्मही धुरकट होऊ शकते. साध्या एक्स-रेचा परिणाम प्रत्येक फेरीला साठत जातो. हाताने तपासण्याची विनंती करता येते, पण ऐकायचं की नाही हे तिथल्या सुरक्षा कर्मचाऱ्यावर. त्यात डबा उघडला गेला, तर उजेडानेच सगळं संपलं.

धुतलेल्या निगेटिव्हला मात्र एक्स-रेने काहीच होत नाही. प्रवासातच फिल्म धुण्याचं मुख्य कारण हेच.

पूर्वी काय करायचे?

१८५१ नंतर काचेच्या ओल्या प्लेटची पद्धत आली. प्लेट वाळायच्या आत फोटो काढून ती तिथेच धुवावी लागायची. सॅम्युएल बॉर्नने १८६० च्या दशकात हमालांच्या पाठीवर काचा, रसायनं आणि काळोखी तंबू लादून हिमालय पालथा घातला. पुढे कोरड्या प्लेट आल्या आणि घरी जाऊन धुण्याची सोय झाली. स्कॅनरने ती सोय पुन्हा अवघड केली.

सामान काय लागतं?

- काळी चेंजिंग बॅग. नाहीतर रात्री खिडक्या-फटी बंद केलेली खोली. घामेजल्या हाताचे ठसे फिल्मवर उमटतात, म्हणून हात कोरडे हवेत.
- उजेडात चालणारी छोटी टाकी. ४७५ मिली द्रावणात चार फिल्म धुणाऱ्या टाक्या मिळतात.
- डेव्हलपर आणि हायपो. ही रसायनं विमानातून आणू नका, पुण्यात घ्या. १९२७ पासून चालत आलेला डी-७६ घरीही बनतो. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. हातमोजे घालूनच मिसळा.
- थर्मामीटर. याच्याशिवाय सुरुवातच करू नका.

इंदापूरच्या उन्हात खरी अडचण

डेव्हलपरचं नेहमीचं तापमान २० अंश. मे महिन्यात टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. गरम द्रावणात फिल्मचा थर मऊ पडतो, ओरखडे उठतात, काम इतक्या झटपट होतं की डाग पडतात. उपाय घरातच आहे. रात्री माठातलं पाणी घ्या. बाटल्या पाण्याच्या परातीत ठेवा आणि बर्फ परातीत टाका, द्रावणात नको. एचपी-५ प्लस फिल्मला निम्मं पाणी घातलेल्या डी-७६ मध्ये २० अंशाला ११ मिनिटं लागतात, २४ अंशाला त्याहून कमी. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी या सगळ्यांचं तापमान जवळपास सारखं ठेवा.

बोअरचं पाणी जड असतं. वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करा. हायपोनंतर नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी भरून ५ वेळा उलटी-सुलटी करा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. टंचाईच्या गावात ही पद्धत सोयीची. वाळवायला पंखा नको, धूळ चिकटते. ओली केलेली बंद न्हाणी उत्तम.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो कालव्यात, विहिरीत किंवा धरणाच्या काठी ओतू नका. उजनीचं पाणी सोलापूर पितं आणि भिगवणचे फ्लेमिंगोही त्याच पाण्यावर येतात. कॅनमध्ये भरून शहरातल्या फोटो लॅबला विचारा.

मग नेमकं करायचं काय?

प्रत्येक दृश्याच्या दोन फिल्म काढा. आधी एखादी बिनमहत्त्वाची फिल्म धुऊन तापमान आणि वेळ जुळतेय का ते बघा. मग प्रत्येक जोडीतली एक इथे धुवा. दुसरी तशीच केबिन बॅगेतून न्या आणि हाताने तपासायची विनंती करा. इथे चूक झाली तर ती दुसरी वाचवेल, स्कॅनरने घात केला तर धुतलेली हातात असेल. मंदिर पुन्हा कधी वर येईल, ते पावसावर आहे. तोवर निदान एक निगेटिव्ह तरी शाबूत राहील.