वामनाची पेटी आणि रावेरची बोअर

१९१२ सालची मुंबई. रावेरहून आलेली तुम्ही कॉलेजातली पोरं-पोरी एका खोलीत भिंतीला पाठ लावून उभी आहात. समोर एक कुंडी, कुंडीत पेरलेला वाटाणा आणि त्याच्यावर रोखलेला, विलायतेहून आणलेला विल्यमसन कॅमेरा. धुंडिराज गोविंद फाळके आत येतात, एक चौकट टिपतात आणि निघून जातात. झालं आजचं शूटिंग! उद्या पुन्हा एक चौकट, परवा आणखी एक. तुमच्यातला कुणीतरी कंटाळून दाराकडे वळतो. त्याला थांबवा. महिना उलटू द्या.

आता पडद्याकडे बघा. जेमतेम मिनिटभरात माती फुटते, कोंब मान वर काढतो, रोप उभं राहतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही पिकाची वाढ अशी सलग तुम्ही कधी पाहिलेली नाही. एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या 'द टाइम मशीन' या कादंबरीत प्रवासी यंत्रावर बसतो, तेव्हा झाडं त्याच्या डोळ्यांदेखत वाढत जातात. वेल्सनं ते शब्दांत लिहिलं आणि फाळक्यांनी एका कुंडीत करून दाखवलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीची ही लहानशी फिल्म, 'अंकुराची वाढ'. ती दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. घरात सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्याचं काम शिकल्या. माझ्या मते आपल्याकडच्या विज्ञानपटाचा उगम याच कुंडीत आहे.

पुढे चला. १९७४. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक तरुण खगोलशास्त्रज्ञ आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्याची 'कृष्णविवर' ही कथा गेली आहे, पण पाकिटावर नाव आहे नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी लावून केलेलं हे नाव. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतलेली. कथेला पहिलं बक्षीस मिळतं, ते नावामुळे नाही, कथेमुळे.

त्याच साली लॉस एंजलीसच्या एका चित्रपट महोत्सवात 'डार्क स्टार' दाखवला जातो आहे. जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी विद्यार्थी असताना चित्रपटशिक्षणाचा भाग म्हणून तो सुरू केला होता. पडद्यावर परग्रहावरचा प्राणी येतो आणि तुम्ही हसता, कारण तो समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा, रंगवलेला, पाय चिकटवलेला चेंडू आहे. हसा, पण ओबॅननचं नाव लक्षात ठेवा. पाच वर्षांनी जगाला घाम फोडणारी 'एलियन'ची पटकथा त्याचीच.

आता मालेगाव, सुमारे २००७. इथे जरा थांबू. यंत्रमागांचा खडखडाट कानात बसतो. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी अख्खं गाव सिनेमाला. व्हिडिओ पार्लर चालवत सिनेमा शिकलेला शेख नासिर 'मालेगाव का सुपरमॅन' बनवतो आहे. सुपरमॅन आहे यंत्रमागावर काम करणारा शफीक, अंगानं काडी. क्रेन हवी? बैलगाडी आहे. ट्रॉली हवी? सायकल आहे. माणूस उडवायला हिरवा पडदा लागतो, तर तेही जमवलं जातं. एका चित्रीकरणात कॅमेराच पाण्यात पडतो. सगळ्यांचे चेहरे उतरतात, आणि काम पुन्हा सुरू होतं. आणि कथा कुणाची? अमेरिकेच्या सुपरमॅनची, पण खलनायकाला आवडते ती घाण आणि अस्वच्छता, म्हणजे मालेगावच्या गल्लीतलं रोजचं दुखणं. परक्या गोष्टीला आपल्या गावात आणायचं ते असं. फैजा अहमद खान यांनी या सगळ्यावर केलेला माहितीपट २००८ साली आला आणि जगभर पाहिला गेला. शफीक मात्र कर्करोगानं गेला. त्याचं उडणं फिल्मवर उरलं, एवढं तरी झालं.

आणि आता आजचं रावेर. रात्र आहे. केळीच्या बागेत बोअरची गाडी उभी आहे, दिव्यांचा झोत, कॉम्प्रेसरचा आवाज कानठळ्या बसवणारा, जमिनीतून चिखल उसळतोय. रावेर आणि यावल या तालुक्यांनी तापीच्या गाळातलं पाणी इतकं उपसलं आहे की दरवर्षी आणखी खाली जावं लागतं. शेतमालक दुरून विचारतो, "काय करी राह्यले भो?" तुम्ही सांगा, सिनेमा करतोय.

कारण नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी तुमच्या पिशवीत आहे. जमिनीत खोलवर, आपल्याहून पुढारलेल्या, नाहीशा झालेल्या संस्कृतीची पेटी सापडते. तिच्यातल्या ज्ञानातून वामन नावाचा यंत्रमानव उभा राहतो. पुराणातल्या वामनासारखा तोही पाऊल टाकत जातो, आणि प्रश्न पडतो की माणसानं हाताशी आलेलं सगळंच वापरावं का? हा प्रश्न रावेरच्या बोअरइतका दुसरीकडे कुठे जिवंत आहे? खाली सापडलं म्हणून काढायचं, आणि मग त्याची किंमत कोणी द्यायची?

अख्खी कादंबरी पडद्यावर आणायला जाऊ नका. पेटी सापडते ती रात्र घ्या, पंधरा मिनिटांची. परका ग्रह हवा असेल तर स्कर्टिंग बॅगा चढवलेली निसवणीवरची बाग पहाटेच्या धुक्यात टिपा. प्रयोगशाळा हवी असेल तर टिश्यू कल्चरची काचेच्या बाटल्यांतली, एकमेकांची हुबेहूब नक्कल असलेली रोपं आहेत. मोबाइल तिपाईवर लावून केळीचं कमळ उघडताना ठरावीक अंतरानं टिपत राहा. फाळक्यांनी वाटाण्यावर केलं तेच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे करा. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क पुढची साठ वर्षं वारसांकडे राहणार आहेत. तेव्हा कॅमेरा हातात घेण्याआधी प्रकाशकामार्फत त्यांना साध्या मराठीत पत्र लिहा. आम्ही रावेरचे विद्यार्थी आहोत, या कादंबरीतल्या अमुक प्रकरणावर पंधरा मिनिटांचा चित्रपट करायचा आहे, परवानगी द्यावी. कागदावर सगळ्यांनी सह्या करा. आणि ते पत्र या आठवड्यातच टपालात टाका.