अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानी सरोवरांतील माशांचे ऋतुमानानुसार अन्न : एका शोधाचा इतिहास

प्रस्तावना :
मध्य अ‍ॅमेझॉनमध्ये नदीची पातळी वर्षाकाठी सुमारे १० मीटरने वरखाली होते. जूनच्या सुमारास पूर कळसाला पोहोचतो, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी सर्वांत खाली जाते. गाळयुक्त नदीकाठच्या सखल भूमीस तेथे ‘वार्झिया’ म्हणतात. पुरात तिच्यावरील सरोवरे, कुरणे व अरण्ये एकच जलाशय बनतात आणि पूर ओसरताच सरोवरे पुन्हा अलग होतात. या सरोवरांतील मासे कोणत्या ऋतूत कशावर जगतात, या प्रश्नाच्या उकलीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नामकरणाचा कालखंड :
एकोणिसाव्या शतकातील निसर्गशास्त्रज्ञांचे लक्ष प्रामुख्याने जातींच्या संग्रहाकडे होते. आल्फ्रेड रसेल वॉलेस (१८४८-१८५२) यांनी निग्रो नदीतील माशांची चित्रे काढली; लुई आगासी यांच्या मोहिमेने (१८६५-६६) मोठा मत्स्यसंग्रह केला. माशांच्या आहाराचे ज्ञान मात्र स्थानिक कोळ्यांपाशी होते. फळ पाण्यात पडल्यासारखा आवाज करणारे ‘गापोंगा’ हे साधन वापरून ते तांबाकी मासा जवळ आणीत. पुरात हा मासा झाडाखाली येतो, हे ते जाणून होते.

अरण्य आणि शैवाल :
विसाव्या शतकाच्या मध्यास हाराल्ड सिओली यांनी अ‍ॅमेझॉनच्या पाण्याचे पांढरे, काळे व स्वच्छ असे वर्गीकरण केले. अँडीज पर्वतातून येणारे पांढरे, गाळयुक्त पाणी वार्झियाला सुपीक करते, हे त्यातून स्पष्ट झाले. मायकेल गोल्डिंग यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मादेइरा खोऱ्यातील माशांच्या आहाराची मांडणी केली. पूरकाळात तांबाकी रानटी रबराच्या बिया व फळे खाऊन चरबी साठवतो आणि उतरत्या पाण्यात बहुतांशी तीवरच तग धरतो. सरोवरात वाढणारी त्याची पिल्ले बियांबरोबरच प्राणिप्लवकांवरही पोसली जातात.

तथापि अरण्य हे एकमेव उत्तर नव्हते. वार्झियातील वनस्पती-उत्पादनाचा निम्म्याच्या आसपास वाटा तरंगत्या गवतांचा असल्याने माशांच्या अन्नाचा आधार तेच असावे, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु माशांच्या मांसातील कार्बनच्या समस्थानिकांचे मापन करणाऱ्या १९८६ व १९९३ च्या अभ्यासांनी गवतांचा वाटा अल्प असल्याचे दाखविले. गाळ चाळून खाणाऱ्या माशांच्या शरीरातील कार्बन मुख्यतः सूक्ष्म शैवालापासून आला होता. दरम्यान १९८९ साली युंक, बेली व स्पार्क्स यांनी ‘पूरस्पंद’ संकल्पना मांडली. पूर ही आपत्ती नसून पूरमैदानाच्या उत्पादकतेचे मूळ कारण आहे, असे तिचे सार होय.

अन्नस्रोतांवरील आघात :
हे ज्ञान हाती येण्यापूर्वीच पूरवनांची तोड सुरू झाली होती. १९३० च्या दशकात जपानी वसाहतकारांनी भारतातून तागाचे बी आणून वार्झियावर लागवड केली. तागाचा व्यवसाय खालावल्यावर त्या भूमीवर गुरेपालन वाढले. फळझाडे गेली की तांबाकीचे पूरकालीन अन्नही जाते. पुढे २०२३ व २०२४ च्या दुष्काळांत मानौस येथे नदीने लागोपाठ नीचांक नोंदविले. सरोवरे आटली की शैवाल व प्लवकांचे क्षेत्रही आक्रसते.

निष्कर्ष :
सरोवरातील माशांचे अन्न केवळ सरोवरात निर्माण होत नाही. काही माशांचे ते अरण्यात, काहींचे पाण्यातील शैवालात तयार होते आणि या दोहोंचा मेळ पूर घालतो. ब्राझीलमध्ये तांबाकीसाठी मासेमारीचा बंदीकाळ आहे. तो माशाला जाळ्यापासून वाचवतो. त्याचे अन्न वाचवू शकत नाही. म्हणून पूरवनाचे रक्षण हा वनखात्यापुरता विषय न राहता मत्स्यधोरणाचाही भाग ठरला पाहिजे.