४४,१०० आणि ४८,००० : आकडे कुठे बदलतात?

आमच्या सिग्नल्समध्ये संदेशाच्या कागदावर शब्दगटांची संख्या लिहिलेली असे. घेणाऱ्याने गट मोजायचे, आकडा जुळला नाही तर संदेश पुन्हा मागवायचा. नुसता ‘नीट ऐकू आला’ म्हणून तो कोणी स्वीकारत नसे. संगणकावरच्या संगीतात ‘बिट-परफेक्ट’ म्हणतात ते हेच. फाइलमधला प्रत्येक आकडा जसाच्या तसा पलीकडे पोचायला हवा. पुष्कळदा तो पोचत नाही, आणि त्याचं मूळ जुनं आहे.

सीडी १९८२ साली आली. तिच्यात सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात. हा विचित्र आकडा कानाने नव्हे, टीव्हीने ठरवला. त्या काळी एवढी डिजिटल माहिती साठवायला व्हिडिओ टेपच सोयीची होती. चित्राच्या एका रेषेत तीन सॅम्पल बसत. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा. युरोपच्या, म्हणजे आपल्या दूरदर्शनच्याही, ६२५ रेषांच्या पद्धतीत कामाच्या २९४ रेषा, सेकंदाला ५० वेळा. दोन्ही गुणाकार करून बघा, उत्तर ४४,१०० येतं!

स्टुडिओ आणि प्रसारणवाल्यांनी मात्र ४८,००० धरला. १९८७च्या डॅट टेपनेही तोच उचलला. पुढे १९९७ साली इंटेलने संगणकातल्या आवाजासाठी एसी ९७ हे मानक आणलं, त्याचाही मूळ दर ४८,०००. म्हणजे सीडीचं गाणं अशा संगणकावर लावलं की १४७ सॅम्पलांची १६० करायची. त्या १६०मधलं एकच जुन्या जागी पडतं, बाकी सगळी नव्याने हिशेब करून काढलेली. शिवाय ईमेलची घंटा आणि गाणं एकाच वेळी वाजवायचं, तर मधला मिक्सर दोघांना एका दरावर आणणारच. त्यात कुणाची बदमाशी नाही. त्याला वगळून जाणाऱ्या वाटाही निघाल्या: १९९७चं स्टाइनबर्गचं एएसआयओ, आणि विंडोज व्हिस्टापासून वासापीचा ‘एक्सक्लुझिव्ह’ मार्ग.

एवढं करूनही संशय असेल तर प्लेअरचा आवाज पूर्ण ठेवा, ‘एन्हान्समेंट’ बंद करा आणि डीटीएस सीडीची हुबेहूब उतरवलेली फाइल डिजिटल तारेने रिसीव्हरला द्या. वाटेत आकडे बदलत असतील तर संगीताऐवजी नुसता खरखराट येतो. कानाला वाद घालायला जागाच राहत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये दुखणं वेगळं असतं. वडोदऱ्याच्या एका श्रोत्याकडे वडिलांच्या घरगुती बैठकीची डॅट टेप होती. त्यांच्या गाण्याची दुसरी प्रत नाही, टेपही झिजत चाललेली. संगणकावर उतरवताना मध्येच टिक्‌टिक् येई. टेप गेली, असं त्यांनी धरलंच होतं. मी विचारलं, साउंड कार्डचं घड्याळ कुठलं? उत्तर आलं, ‘इंटर्नल’. डॅटचं घड्याळ वेगळं, कार्डचं वेगळं. दोघांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला, तरी सेकंदाला २.४ सॅम्पल सरकतात, तासाला ८,६४०. कुठे एखादं गळतं, कुठे दोनदा येतं. सिग्नल्समध्ये हे पहिल्या वर्षी शिकवतात: एकच घड्याळ मालक, बाकीची त्याच्या मागे. कार्ड ‘एक्स्टर्नल’वर टाकायला सांगितलं. टिक्‌टिक् थांबली.

मग टेप पुन्हा एकदाच चालवून दुसरी प्रत घ्यायला लावली. दोन्ही प्रती सॅम्पलला सॅम्पल लावून जुळवायच्या, एक उलटी करायची आणि बेरीज करायची. बेरीज शून्य आली तर दोन्ही वेळा तेच आकडे उतरले. मिक्सरने दर बदलला असता तर तो दोन्ही वेळा सारखाच बदलून फसवू शकला असता, म्हणून कार्डचा दर टेपच्याच ४८,०००वर आहे ना, हे आधी पाहून घेतलं होतं.

बेरीज जवळजवळ सगळीकडे शून्य आली. एकोणिसाव्या मिनिटाला टेप चुरगळलेली आहे, तिथे दोन प्रती जुळल्या नाहीत. तेवढ्या तुकड्यासाठी त्यांनी दोन्ही प्रती ठेवल्या आहेत.