खुब्याचें दुखणें आणि सुईचा इतिहास

देहाचा भार वाहणाऱ्या सांध्यांत खुब्याचा मान मोठा आहे. कमरेच्या हाडांतील वाटीसारख्या खळग्यांत मांडीच्या हाडाचा गोल माथा बसतो, व दोहोंवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. ही कूर्चा झिजली म्हणजे जिना चढणें, पाटावर मांडी घालून बसणें, हीं साधीं कामेंहि कष्टाचीं होतात. घरांतील वडील माणूस हळूहळू एका खोलीपुरता उरतो. अशा माणसाला मोठ्या शस्त्रक्रियेवांचून आराम देतां येईल काय, या प्रश्नाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

शस्त्राचा मार्ग आधीं चालूं लागला. बोस्टनचे शस्त्रवैद्य स्मिथ-पीटर्सन यांनीं १९२३ सालीं दुखऱ्या सांध्यांत कांचेची टोपी बसवून पाहिली. कांच फुटे, म्हणून १९३८ पासून त्यांनीं मिश्रधातूची टोपी वापरली. पुढें १९६२ सालीं इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं धातूचा माथा व प्लॅस्टिकची वाटी यांची जोडी यशस्वी केली, आणि सबंध सांधा बदलणें भरंवशाचें झालें. तथापि अशी शस्त्रक्रिया प्रत्येकाच्या प्रकृतीस मानवतेच असें नाहीं.

दुसरा मार्ग सुईचा. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेन्च यांनीं सप्टेंबर १९४८ मध्यें आमवातानें जखडलेल्या एका तरुण स्त्रीला नवें औषध टोंचलें. तेंच कॉर्टिझोन. आठवड्याभरांत ती चालूं-फिरूं लागली. १९५० सालीं हेन्च, केंडॉल व राइकश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु औषध थांबतांच दुखणें परतें, आणि तें फार दिवस घेतल्यास तोंड सुजे, हाडें ठिसूळ होत. सर्वांगांत भिनणारें औषध एका सांध्यासाठीं फार महाग पडलें.

तेव्हां फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलंडर यांनीं निराळा विचार केला. त्यांनीं १९५१ सालीं हायड्रोकॉर्टिझोन थेट दुखऱ्या सांध्यांतच टोंचल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. अल्प औषध, तेंहि नेमक्या जागीं! गुडघा वरच असल्यानें तेथें हें सोपें. खुबा मात्र जाड स्नायूंखालीं खोल दडलेला. पुढें क्ष-किरण व ध्वनिलहरी यांच्या साहाय्यानें सुईचें टोंक पडद्यावर पाहतां येऊं लागलें, तेव्हांच तेथें नेम अचूक झाला.

तिसरी वाट मज्जातंतूंची. १९३० नंतर युरोपांत कांहीं शस्त्रवैद्य खुब्याची वेदना वाहून नेणारा मज्जातंतु कापूं लागले. २००१ सालीं जपानी वैद्यांनीं सुईवाटे रेडिओ-लहरींच्या जातीचा विद्युत्प्रवाह सोडून अशा तंतूंच्या बारीक शाखा उष्णतेनें निकामी केल्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. ज्या जातीच्या लहरी दूरचा आवाज घरोघर नेतात, त्यांनीं घरांतील कण्हणें थांबवावें, हा योग मोठा मौजेचा. मात्र तंतु पुन्हां वाढतात, आणि वेदनाहि परत येऊं शकते.

या इतिहासाचें सार काय? सुई वेदना शमविते. झिजलेली कूर्चा ती परत आणीत नाहीं. सांध्यांतील औषधाचा आराम बहुधा कांहीं आठवडे, क्वचित् कांहीं महिने टिकतो. तें वारंवार टोंचल्यास कूर्चेसच अपाय होण्याचा संभव असतो; आणि सांधा बदलावयाचा ठरला असेल, तर आधींचे तीन महिने तें घेऊं नये, अन्यथा जखमेंत जंतुदोषाचें भय वाढतें.

म्हणून या आरामाला मुक्काम समजूं नये, विसांवा समजावा. वेदना ओसरलेल्या दिवसांत योग्य व्यायामानें मांडीचे स्नायु बळकट करावे, अंगावरील भार कमी करावा, विरुद्ध हातांत काठी धरण्याची लाज बाळगूं नये. आणि वडील माणसाला वैद्याकडे नेतांना प्रश्न एवढाच विचारावा: हा आराम किती दिवसांचा, आणि त्या दिवसांत आम्हीं काय करावें? ज्या घरीं हा प्रश्न वेळेवर विचारला जाईल, त्या घरच्या वडिलांचें चालणें कांहीं काळ तरी अधिक टिकेल.