घरचा फिर्यादी, बाहेरचा दूत

आपली शोभा परदेशात दाखवायला कलावंत पाठवण्याची राज्यकर्त्यांची रीत जुनीच आहे. नवल एवढेच, की गेल्या सत्तर वर्षांत या कामासाठी ज्यांना निवडले गेले, त्यांतल्या अनेकांची घरी त्याच राज्यव्यवस्थेविरुद्ध फिर्याद होती. अमेरिकेने 1956 साली जॅझ वादकांना दौऱ्यांवर धाडायला सुरुवात केली. शीतयुद्धात सोव्हिएत रशिया अमेरिकी वर्णभेदावर बोट ठेवत होता, आणि आशिया-आफ्रिकेतल्या नवस्वतंत्र देशांना ते पटत होते. त्याला उत्तर म्हणून काळ्यांच्या वस्त्यांत वाढलेले संगीतच पुढे करण्यात आले. 1958 साली जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा चौघांचा ताफा मुंबईत आला. त्यात बास वाजवणारे युजीन राइट कृष्णवर्णीय होते. एका मंचावर गोरे आणि काळे, हे दृश्यच संदेश होते. मात्र दोनच वर्षांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॉलेजांनी राइट यांच्या जागी गोरा वादक मागितला, तेव्हा ब्रुबेक यांनी ते कार्यक्रमच सोडून दिले.

मग हा सगळा देखावाच नव्हता का? पाठवणाऱ्याचा हेतू प्रचाराचाच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाठवणाऱ्याच्या हेतूवरून गाणाऱ्याचे मोल ठरत नाही. 1957 साली अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवले गेले, तेव्हा कृष्णवर्णीय जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारी खर्चाने ठरत असलेला रशियाचा दौरा नाकारला. सरकारला त्यांची गरज होती, म्हणूनच त्या नकाराला वजन आले. श्रोत्यांनाही हे कळत असते. ज्याने सोसले आहे त्याच्या सुरावर विश्वास बसतो. तो विश्वास सरकारला उसना मिळतो, विकत मिळत नाही.

हिपहॉपच्या बाबतीत हा विरोधाभास आणखी ठळक होतो. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मलेली ही कला अमेरिकी परराष्ट्र खात्याने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मदतीने ‘नेक्स्ट लेव्हल’ या उपक्रमातून बाहेर नेली. 2014 साली, पहिल्याच फेरीत, तो भारतातही आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात पोलिसाच्या गोळीने एका काळ्या तरुणाचा जीव गेला आणि रस्ते पेटले. तरीही हा उपक्रम जुन्या दौऱ्यांच्या एक पाऊल पुढे होता, असे मला वाटते. मैफल एका रात्रीत उठते. इथे कलावंत काही दिवस मुक्काम करून स्थानिक मुलांना ताल रचायला, शब्द बांधायला, नाचायला शिकवत होते आणि त्यांच्याकडून शिकतही होते. हत्यार हातात पडल्यावर ते कोणावर चालवायचे, हे शिकणारा ठरवतो. यावर कोणी म्हणेल की मुंबईच्या रॅपला कुठल्या दूतावासाची गरज पडली? खरे आहे. कुर्ला आणि अंधेरीच्या पोरांनी तो इंटरनेटवर ऐकून स्वतःच्या बोलीत उतरवला. म्हणून अशा मुक्कामांनी इथे हिपहॉप रुजवले, हा दावा करू नये. त्यांनी फार तर भेट घडवली, आणि तेवढे पुरे आहे.

खरी कसोटी वेगळी आहे, आणि ती आपल्याकडेच सापडते. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईत गिरणी कामगारांचे शाहीर झाले, त्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. मुंबई सरकारने त्यांच्या लोकनाट्यांवर बंदी आणली होती. 1961 साली ते रशियात गेले तेव्हा मात्र पाहुणे म्हणून त्यांचे स्वागत झाले. परतल्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले, आणि 1969 साली दारिद्र्यातच देह ठेवला. 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा अनावरणाला महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री गेले. मेलेल्या शाहिराला दूत करणे सोपे असते, कारण तो उलट बोलत नाही. उद्या धारावीचा रॅपर आपण परदेशी पाठवला, तर तो तिथे जे गाईल तेच त्याला घरी, पोलीस चौकीसमोर गाता आले पाहिजे. तसे नसेल, तर ती मुत्सद्देगिरी नव्हे, नुसती निर्यात.