नऊची बेरीज

आज आपल्याकडे ‘एमजी’ म्हटलं की हेक्टर आठवते. 2019 मध्ये आलेली, गुजरातमध्ये हलोलला बनणारी एसयूव्ही. ब्रँडची मालकी आता चिनी कंपनीकडे आहे. माझी एमजी मात्र 1972 ची आहे. ‘एमजीबी जीटी’, दोन दारांची, बुटकी, आणि माझ्यापेक्षा जवळपास पंचवीस वर्षांनी मोठी. ऑफिसच्या कामासाठी इंग्लंडला आले, दोन वर्षं पैसे साठवले आणि ही घेतली. उघड्या टपाच्या एमजीबीपेक्षा जीटी स्वस्त मिळते, म्हणून जीटी.

पहिल्याच महिन्यात इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. गॅरेजला न्यायचं म्हणजे महिन्याचं बजेट कोलमडणार. रविवारी साताऱ्याला बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल बॉनेटखाली धरला. बाबा सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते, अँबॅसडरवर. थोडा वेळ त्यांनी नुसतंच पाहिलं.

“अगं, हे तर आपल्या अँबॅसडरचं इंजिन!”

मी हसले. स्पोर्ट्स कार आणि अँबॅसडर? कॉल संपल्यावर शोधत बसले. बाबा बरोबर होते.

या दोन गाड्यांचं मूळ एका सायकलवाल्याकडे जातं. विल्यम मॉरिस हा माणूस ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करायचा. पुढे तो मोटारी बनवायला लागला. शहरात त्याचा विक्री-दुरुस्तीचा धंदा होता, त्याचं नाव ‘मॉरिस गराजेस’. एमजी ही त्याचीच आद्याक्षरं. सेसिल किंबर 1922 मध्ये तिथला मॅनेजर झाला. साध्या मॉरिस गाडीची चासी घ्यायची, तिच्यावर देखणी हलकी बॉडी चढवायची आणि इंजिन थोडं चलाख करायचं, हा त्याचा उद्योग. गिऱ्हाइकांना तो आवडला. 1929 मध्ये एमजीचं बस्तान ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात हललं.

किंबरची ही युक्ती कंपनीने पुढे कधी सोडली नाही. शरीर स्पोर्ट्स कारचं आणि हाडं घरगुती गाडीची. 1952 मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या जुन्या प्रतिस्पर्ध्यांची ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. ऑस्टिनकडे ‘बी-सिरीज’ नावाचं चार सिलिंडरचं, बिडाचं, दणकट इंजिन होतं. एकत्र आलेल्या कंपनीने ते जमेल त्या गाडीत बसवलं. 1955 च्या एमजीएमध्ये 1489 सीसीचं बसवलं, 1962 च्या एमजीबीमध्ये त्याचंच वाढवलेलं 1798 सीसीचं. त्याच काळात हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचे साचे घेतले आणि कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर सुरू केली. थोड्याच दिवसांत तिच्यातही 1489 सीसीचं बी-सिरीज आलं.

म्हणजे लंडनच्या पोराने मैत्रिणीला फिरवायला घेतलेली गाडी आणि आपल्याकडे कलेक्टरसाहेबांना दौऱ्यावर नेणारी गाडी, दोघी चुलत बहिणी!

पुढच्या रविवारी बाबांनी टॅपेट सेट करायला शिकवलं. व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यात केसाएवढी फट लागते. ती वाढली की टकटक येते. फट मोजायची फिलर गेजच्या पातळ पट्टीने, पण त्या वेळी तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला हवा. तो मिटलाय हे कळणार कसं?

“नऊची बेरीज कर,” बाबा म्हणाले. एका ओळीत आठ व्हॉल्व्ह असतात. आठवा पूर्ण उघडलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा. सहावा उघडा असेल तेव्हा तिसरा. सातवा उघडा, तर दुसरा. दोघांची बेरीज कायम नऊ. मी एमजीबीचं जुनं वर्कशॉप मॅन्युअल उघडलं, त्यातही हाच क्रम होता. बाबांनी ते मॅन्युअल कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ही बेरीज त्यांच्या मिस्त्रीने शिकवली होती.

तासाभरात टकटक थांबली. खर्च झाला फक्त रॉकर कव्हरच्या नव्या गॅस्केटचा.

अशा गाडीचं इंजिन सहसा खिसा कापत नाही. कापतो तो गंज. एमजीएला खाली वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, गाडीचा भार पेलतात. मागचीपुढची चाकं चिखलपाणी उडवतात, ओल आत साचते आणि पत्रा आतून खात सुटते. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. काही विकणारे सडलेल्या सिलवर नवा पत्रा डकवून देतात. म्हणून इथे जुनी एमजीबी घेणारे खिशात लोहचुंबक ठेवतात. रंगाखाली पुटी असेल तर ते चिकटत नाही.

इंग्लंडमध्ये 40 वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स पडत नाही. मोठे बदल केले नसतील तर वर्षाची सक्तीची तपासणीही नसते. खिशाला ही सवलत बरी वाटते, पण मग गाडीखाली वाकून बघायला कुणी सांगत नाही. मी वाकले तेव्हा डाव्या सिलमध्ये स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. वेल्डिंगवाल्याने दोन्ही बाजूंचे जे पैसे सांगितले, ते गाडीच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त होते.

निदान सिल विकत मिळतात, आणि त्यालाही इतिहास आहे. एमजीबी आणि तिची भावंडं मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, बहुतेक अमेरिकेला गेल्या. 1974 पासून तिथल्या नियमांसाठी त्यांना जाड काळे रबरी बंपर लावावे लागले, उंची वाढवावी लागली, आणि वळणावरची मजा कमी झाली. मालक ब्रिटिश लेलँड तोट्यात होती, नव्या मॉडेलला पैसा नव्हता. सप्टेंबर 1979 मध्ये अ‍ॅबिंग्डनने एमजीची पन्नाशी साजरी केली. लगेच दुसऱ्या दिवशी कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ऑक्टोबर 1980 मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याचे जुने प्रेस-साचे शोधून गोळा केले आणि 1988 मध्ये एमजीबीची कोरी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. त्या बॉडीच्या आधाराने पुढे रोव्हर कंपनीने आरव्ही8 नावाची नवी गाडीही काढली. सुमारे 2,000 बनल्या, बहुतेक जपानला गेल्या.

आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्या कोडबद्दल हेच म्हणतो: लिहिणारा निघून गेला तरी चालेल, पण सोर्स आणि डॉक्युमेंटेशन शाबूत हवं. माझ्या गाडीच्या बाबतीत सोर्स म्हणजे ते साचे. एमजीबीपेक्षा वेगवान आणि देखण्या गाड्या तेव्हाही होत्या. त्यांतल्या कित्येकांचा साधा दिवा मिळवायला आज महिने लागतात. एमजीबी टिकली ती सामान्य असल्यामुळे. हाडं घरगुती, संख्या प्रचंड, मॅन्युअल सगळ्यांकडे, आणि साचे भंगारात गेले नाहीत. म्हणून माझ्या पगारात ती जेमतेम बसते.

अँबॅसडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. बाबा चालवायचे ती गाडी केव्हाच लिलावात गेली. ज्या मिस्त्रीने त्यांना नऊची बेरीज शिकवली, त्यांचं गॅरेजही आता नाही. त्यांचं ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये उतरलेलं नव्हतं, ते हातातून हातात आलं. माझा तो व्हिडिओ कॉल झाला नसता तर ते बाबांपाशीच थांबलं असतं. आता दर रविवारी मी विचारते आणि लिहून घेते: ऊन गाडी सुरू होत नसेल तर आधी काय बघायचं, घाटात पाणी उकळलं तर काय करायचं.

डावा सिल या वर्षी बदलला, उजवा पुढच्या वर्षी. तोवर गाडी लांब न्यायची नाही, असं बाबांनी बजावलंय.